लहान मुलांना कराटे शिकवून शिकवणाऱ्याला नेमकं काय मिळतं?

भांडुपकर

नमस्कार मंडळी. वय २७, नोकरी ऐरोलीत. चौथीत असल्यापासून शोतोकान कराटे करतोय, गेल्या वर्षी ब्लॅक बेल्ट झाला. आमचे सर आता सत्तरीला आलेत, गुडघे साथ देत नाहीत, आणि दिवाळीनंतर कायमचं चिपळूणला गावी जायचं म्हणतायत. क्लास भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला एका मंडळाच्या हॉलमध्ये भरतो. तीसेक मुलं आहेत, बहुतेक पहिली ते सातवीतली. परवा क्लास सुटल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं आणि म्हणाले, "पोरं आता तू बघ."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी साडेसातची बॅच असते. वेळेवर निघालो तर पोचता येतं. सर महिन्याला २०० रुपये घेतात, ज्याला जमत नाही त्याच्याकडून तेही घेत नाहीत. हॉलचं भाडं आणि विजेचं बिल गेलं की हातात फारसं काही उरत नाही. आई म्हणते, स्वतःचं बस्तान बसवायच्या वयात दुसऱ्यांची पोरं कशाला सांभाळतोस? तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

माझा स्वतःचा सराव, काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), कुमिते (जोडीने लढण्याचा सराव) यात मी रमतो. मुलांचं मला फारसं कळत नाही. सर आजारी असताना बॅच घेतली होती. एकाचा बेल्ट सुटलेला, एकाला शू लागलेली, दोघांचं पुढच्या ओळीत कोण उभं राहणार यावरून भांडण. तास संपला तेव्हा मी सर्वांपेक्षा जास्त दमलो होतो.

जे लोक वर्षानुवर्षं मुलांना शिकवतात त्यांनी सांगा. "समाधान मिळतं" एवढ्यावर सोडू नका, ते सगळेच म्हणतात. काय मिळतं, कशातून मिळतं? आठवड्याच्या तीन संध्याकाळी देऊन टाकाव्यात असं त्यात काय आहे?

गोरेगावची आई

मी शिकवत नाही. माझा नऊ वर्षांचा मुलगा तायक्वांदोला जातो आणि आम्ही आया बाहेर जिन्यावर बसलेल्या असतो. तुम्हाला काय मिळेल ते मी कसं सांगणार? पण मुलांना काय मिळतं ते जिन्यावरून चांगलं दिसतं, म्हणून लिहिते.

आमच्या घरात "परत कर" हे वाक्य आवाज चढवल्याशिवाय कोणी म्हणत नाही. मी नाही, ह्याचे बाबा नाहीत, शाळेतल्या बाईही नाहीत. त्याचे सर एकच किक त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतात आणि प्रत्येक वेळी त्याच आवाजात म्हणतात, "गुडघा आधी वर. परत कर." रागावत नाहीत, उगाच कौतुकही करत नाहीत. हल्ली गणित चुकलं की माझा मुलगा स्वतःशीच पुटपुटतो, "परत कर." पूर्वी पेन्सिल फेकायचा.

तुम्ही घ्याच असं म्हणणार नाही. पण तीस घरांत काहीतरी पोचतं, एवढं लक्षात असू द्या.

परळचा जुना

भांडुपकर, मी बरीच वर्षं शिकवलं आणि सोडलं. म्हणून दुसरी बाजू लिहितो.

मी ज्या संघटनेत होतो तिथे दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या बेल्टची परीक्षा, असायचं. ग्रेडिंगची फी, बेल्टची फी, सर्टिफिकेटची फी. मग दोन रंगांच्या मध्ये पट्टीवाले बेल्ट आले, म्हणजे आणखी एक फी. कोणाला नापास करायचं नाही असा वरून निरोप असायचा. ज्या मुलाला धड पुढचा स्टान्स, म्हणजे पाय रोवून उभं राहणं, घेता येत नाही त्याच्या कमरेला ब्राउन बेल्ट बांधताना लाज वाटायची. आणि ते मूल बिचारं खूश असायचं, आईबापांनी पेढे आणलेले असायचे. त्यांना काय सांगणार?

शिवाय पालक. "शेजारच्याचा ग्रीन झाला, आमचा अजून ऑरेंज का?" हा प्रश्न तू इतक्या वेळा ऐकशील की मुलांचे चेहरे बाजूला राहतील. तुझ्या सरांचा क्लास २०० रुपयांत चालतो, म्हणजे ते या चक्रात पडलेले दिसत नाहीत. पण सर गेल्यावर वरची मंडळी तुझ्याकडे येणार. शिकवण्यात सुख आहे, मी नाकारत नाही. त्या सुखाभोवतीचा बाजार तुला झेपेल का, हे आधी बघ.

कन्नमवारनगरची ताई

भांडुपकर, तू नेमकं विचारलंस म्हणून नेमकं लिहायचा प्रयत्न करते. लांबेल, चहा घेऊन बस.

मी ज्युदो शिकवते. विक्रोळी पूर्वेला, कन्नमवारनगरात, एका मंडळाच्या हॉलमध्ये. दिवसा पालिकेच्या रुग्णालयात लॅबमध्ये असते. स्वतः शिकले परळच्या एका व्यायामशाळेत. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा धड चालली नाही. घरात पैसा नव्हता, आणि व्यायामशाळेतल्या गुरुजींनी माझ्याकडे कधी फी मागितली नाही. तुझ्या सरांचं ते "ज्याला जमत नाही त्याच्याकडून तेही घेत नाहीत" वाचलं आणि पहिल्यांदा त्या गुरुजींची आठवण झाली. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग.

ज्युदोत नवीन मूल पहिले कित्येक आठवडे कोणालाही पाडत नाही, नुसतं पडतं. त्याला उकेमी म्हणतात. आधी पाठीवर निजून, मग बसून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर. पडताना श्वास सोडायचा आणि हात अंगापासून थोडा लांब, सपाट, मॅटवर आपटायचा, म्हणजे धक्का एका जागी बसत नाही, पसरतो. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान अजून तेवढी भरलेली नसते, म्हणून हनुवटीचा धडा पक्का झाल्याशिवाय मी कोणाला पुढे जाऊ देत नाही. पालक कंटाळतात. "मॅडम, फाइट कधी शिकवणार?" विचारतात. मी म्हणते, पडायला आलं की.

मग ओ-गोशी येतो. समोरच्याला कमरेवर घेऊन टाकायचं. एका हाताने त्याची बाही धरलेली असते, दुसरा हात त्याच्या कमरेभोवती. तो हवेत गेला की बाहीवरचा हात सोडायचा नाही. उलट शेवटी तो हात वर ओढून धरायचा, म्हणजे खालचा कुशीवर नीट उतरतो आणि त्याचं डोकं वाचतं. हे मोठ्यांनाही अवघड जातं, कारण टाकण्याचा आनंद एवढा असतो की हात आपोआप सुटतो. सात-आठ वर्षांच्या पोराला तर अख्खं विक्रोळी उचलून टाकायचं असतं. मी ओरडत असते, "बाही! बाही!" दिवसेंदिवस ओरडते. आणि मग कधीतरी तोच पोरगा समोरच्याला टाकतो, बाही शेवटपर्यंत धरून ठेवतो, आणि खाली वाकून विचारतो, "लागलं का रे?" विचारायला मी सांगितलेलं नसतं.

मला मिळतं ते हे. ज्याला आपटायचं कसं ते कळलंय, असं मूल दुसऱ्याच्या अंगाची काळजी घ्यायला लागतं. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या मॅटवर. हे मी कुठल्या वर्गात, कुठल्या घरात एवढं स्पष्ट होताना पाहिलेलं नाही. आणि ते प्रत्येक मुलात वेगळ्या वेळी येतं, त्यामुळे इतक्या वर्षांत एकदाही शिळं झालं नाही.

आता बारीकसारीक गोष्टी, कारण तू "कशातून" विचारलंस.

आमच्याकडे तास सुरू होण्याआधी नखं तपासतात. पकड घेताना वाढलेल्या नखाने समोरच्याचं मनगट फाटतं. हे काम मोठ्या मुलांचं. एक सहावीतला मुलगा होता, वस्तीत त्याच्या नावाने तक्रारी, शाळेतून चिठ्ठ्या. त्याच्याकडे मी सगळ्यात छोट्या ओळीची नखं दिली. हा दांडगट पोरगा मांडी घालून बसायचा, पहिलीतल्या मुलीची बोटं एकेक करून हातात घ्यायचा आणि नेलकटरने इतकं जपून कापायचा की त्याची जीभ बाहेर आलेली असायची. छोटी मुलं त्याच्याच रांगेत उभी राहायला भांडायला लागली. त्याच्या आईने हे बघितलं तेव्हा ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. मीही हाक मारली नाही.

दुसरा एक मुलगा बोलताना अडखळतो. नाव सांगायचं म्हटलं तरी चेहरा लाल. वॉर्मअपला आम्ही सगळे एकसुरात जपानी आकडे मोजतो, इचि, नि, सान, शि. त्यात तो अजिबात अडखळत नव्हता. मला आधी वाटलं तो नुसते ओठ हलवतोय. जवळ जाऊन ऐकलं तर खणखणीत आवाज. अडखळणाऱ्या माणसाला इतरांबरोबर एका तालात बोलताना पुष्कळदा सोपं जातं, हे रुग्णालयातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मला नंतर समजावलं. मग मी त्याला पुढे उभं केलं, आधी माझ्याबरोबर मोजायला, मग हळूहळू मी आवाज लहान केला. तो अजून अडखळतो, ते काही ज्युदोने गेलेलं नाही. त्याचे उपचार वेगळे चालू आहेत. पण आज आमच्या हॉलमध्ये मोजणी तोच देतो आणि वीस-पंचवीस मुलं त्याच्या आवाजावर उठबस करतात.

मुलींचं जरा सविस्तर लिहिते, कारण पुरुष शिक्षकांना हे कोणी सांगत नाही. पाचवी-सहावीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने, कधी वरचढ असतात. सातवीच्या सुमारास एकेक गळायला लागते. कारण विचारलं तर "अभ्यास." खरं कारण बरेचदा पाळी आणि पांढरा ड्रेस. डाग पडेल या भीतीने आठवडाभर येत नाहीत, मग सवय मोडते, मग येतच नाहीत. मी सरावाला गडद निळी ट्रॅक पँट चालेल असं सगळ्यांनाच सांगून टाकलं, मुलांनाही, म्हणजे कोणी वेगळी दिसायला नको. आयांना बोलावून एकदा स्वच्छ बोलले. कपाटात पॅड ठेवले. एवढ्यावर किती मुली टिकल्या! त्यातली एक आता बारावीत आहे आणि शनिवारी छोट्यांची उकेमी तीच घेते. तिचं "हनुवटी!" हुबेहूब माझ्यासारखं येतं. ते ऐकलं की मला जे वाटतं ते पगाराच्या दिवशी कधी वाटलेलं नाही.

आता जे मिळत नाही तेही सांगते, नाहीतर परळच्या दादांना वाटेल मी फक्त गोड लिहिते. मुलं नववीत गेली की ट्यूशन सुरू होते आणि ती जातात. निरोपही न घेता. आमच्याकडे म्हाडाच्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. इमारत पाडली की घरं भाड्याने कल्याण-डोंबिवलीला, बदलापूरला. एका महिन्यात आख्खी ओळ रिकामी होते. डोंबिवलीहून एक आई मुलाला घेऊन अजून धीम्या लोकलने येते. पण अशी एखादीच. आपण लावलेलं झाड दुसऱ्याच्या अंगणात वाढतं आणि आपल्याला दिसत नाही. हे सोसणार असशील तरच बॅच घे. मुलं मोठी होऊन पाया पडायला येतील या हिशेबाने शिकवायला लागलास तर दोन वर्षांत कडू होशील.

पावसाळ्याचंही ऐकून ठेव. भिंतींना ओल, मॅटखाली बुरशी, आणि मुलांना गजकर्ण. रोज मॅट पुसून उभ्या कराव्या लागतात. ज्याच्या अंगावर चट्टा दिसला त्याला औषध लावून बरा होईपर्यंत घरी. पालक रागावतात. रागावू देत.

पदकांबद्दल. मी मुलांना स्पर्धांना नेते, जरूर नेते. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, तेवढ्यासाठीही पालक विचारतात, त्यात गैर काही नाही. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला वजनगटात बसवण्यासाठी उपाशी ठेवलेलं मी पाहिलंय, वजनकाट्यासमोर रडणारी मुलं पाहिलीत. २०२२ मध्ये खुद्द जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली, कारण जिंकण्याच्या हव्यासाने प्रशिक्षक आणि पालक मुलांवर फार ताण आणत होते. ज्या देशात ज्युदो जन्मला त्यांनी हा निर्णय घेतला. मी ती बातमी छापून हॉलच्या दारावर लावली होती.

शेवटचं, तुझ्या कराटेविषयी. तू हेइआन शोदान, तुमच्या पाच हेइआन कातांपैकी पहिला, कितीतरी वेळा केला असशील. ओकिनावातल्या इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळेत नेलं, आणि हे काता त्यांनी शाळेतल्या मुलांना शिकवता यावेत म्हणून बांधले. तेव्हा त्यांना पिनान म्हणत. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी, ज्यांच्या परंपरेत तू उभा आहेस, ते पेशाने शाळामास्तर. आमचे जिगोरो कानो, ज्युदोचे जनक, तेही शिक्षक. १८८२ मध्ये टोकियोच्या एका मंदिरात १२ तातामी चटयांच्या जागेत त्यांनी कोडोकान, ही ज्युदोची पहिली शाळा, सुरू केलं, म्हणजे साधारण दोनशे चौरस फूट. तुझा भांडुपचा हॉल त्याहून मोठाच असेल. मुलांना शिकवणं म्हणजे आपल्या खऱ्या सरावातून वेळ काढून करायचं दुय्यम काम, असं तुझ्या लिहिण्यात मला जाणवलं. ज्यांनी या कला घडवल्या त्यांच्यासाठी शिकवणं हेच मुख्य काम होतं.

परळच्या दादा, बेल्टच्या बाजाराबद्दल तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः खरं आहे. माझा उपाय एवढाच, की माझ्याकडे वर्षातून एकदा ग्रेडिंग होतं, आणि जो तयार नाही त्याला मी बसवतच नाही, म्हणजे नापास करायची वेळ येत नाही. काही पालक मुलं काढून घेतात. हॉल तरीही भरलेला असतो.

भांडुपकर

ताई, दोनदा वाचलं. सरांना तुमचा नमस्कार पोचवला, ते फोनवर बराच वेळ गप्प होते.

बाहीचं वाचून मला आमच्याकडचा कंट्रोल आठवला. कुमितेत पंच पूर्ण वेगाने टाकायचा आणि नाकापाशी थांबवायचा. लहानपणी मला वाटायचं हा नियम मला दुखापत होऊ नये म्हणून आहे, म्हणजे माझ्या भल्यासाठी. समोरच्याच्या नाकाची जबाबदारी माझ्या मुठीवर आहे असा विचार कधी केला नव्हता.

दोन प्रश्न आहेत. एक, आमच्याकडे एक मुलगा क्लासमध्ये शिकलेलं शाळेत वापरतो. गेल्या महिन्यात त्याने वर्गातल्या एकाला पोटात किक मारली. त्याची आई म्हणते क्लासमधून काढू नका, एवढ्या एकाच ठिकाणी तो ऐकतो. सरांनी अजून काही ठरवलेलं नाही, म्हणजे ते माझ्यावर येणार. दोन, मी एकटा पुरुष, हॉलमध्ये मुली आहेत, स्टान्स सुधारताना हात लावावा लागतो. हे कसं सांभाळायचं?

कन्नमवारनगरची ताई

पहिल्याचं. काढू नकोस. त्याची आई सांगतेय ते फार मोलाचं आहे, मुलगा कुठेतरी ऐकतो! माझ्याकडे असं झालं की त्या मुलाचं टाकणं बंद आणि पडणं चालू. महिनाभर तो छोट्यांसाठी पडतो. पहिली-दुसरीतली मुलं त्याला पाडतात, धडपडत, चुकत, आणि त्याने त्यांना सांभाळून घेत पडायचं. कराटेत तू त्याला पॅड धरायला दे. छोट्यांच्या किक त्याच्या हातातल्या पॅडवर बसू देत. त्याला शिक्षा म्हणून सांगू नकोस, काम म्हणून दे आणि नीट केलं तर सगळ्यांसमोर तसं म्हण. शिवाय ज्याला किक मारली त्याच्या घरी त्याच्या आईबरोबर तूही जा. क्लासचं नाव त्या किकमध्ये आहे, म्हणून तू जायचंस. आणि घरी त्याला कोण मारतं का, हे हळूच बघ. मी पाहिलेल्या अशा बऱ्याच मुलांच्या घरात कोणाचा ना कोणाचा हात उठत होता.

दुसऱ्याचं. तुला हा प्रश्न पडला याचं बरं वाटलं. हॉलचं दार उघडं ठेव, पालकांना बसायची मुभा असू दे, आणि एकट्या मुलाबरोबर, मुलगा असो की मुलगी, बंद खोलीत कधीच थांबायचं नाही. शक्य तितकं स्वतः करून दाखव, तोंडाने सांग, आरशाचा उपयोग कर. हात लावायची वेळ आली तर आधी विचार, "पाय सरकवू का?" नाही म्हणाली तर नाही. मुलांनाही विचार, कारण ती बघून शिकतात. एखादी कॉलेजातली जुनी विद्यार्थिनी किंवा कोणाची आई मदतनीस म्हणून रोज हॉलमध्ये असेल असं बघ. कपडे बदलायला आडोसा हवा, आणि तिकडे मोबाइल नेऊ द्यायचा नाही.

आणखी एक. आपल्यावर विश्वास बसला की मुलं कधीकधी घरचं, शेजारचं काही सांगतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराचं कळल्यावर किंवा तशी शंका आल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आपण कशाला मध्ये पडा" ही सोय कायद्याने ठेवलेली नाही. १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालते, तो नंबर हॉलमध्ये मुलांना दिसेल असा लाव. मूल सांगत असेल तर पूर्ण ऐक, उलटतपासणी करू नकोस, आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. माझ्या हॉलमध्ये एका मुलीने असं सांगितलंय. पुढचं इथे लिहिणार नाही. पण ती बोलली, कारण रोज साडेसातला तिच्यासमोर तेच माणूस उभं असायचं. तू विचारलं होतंस तीन संध्याकाळी देण्यासारखं काय आहे. हेही आहे.

परळचा जुना

ताईंनी लिहिल्यावर मी काय बोलणार. तरी व्यवहाराचं माझ्याकडून घे, तेवढं मला येतं.

भांडुपकर, घ्यायचं ठरलंच तर सर असतानाच मंडळाच्या अध्यक्षांना भेट आणि हॉलचं लेखी पत्र घे, वार आणि वेळ घालून. सरांच्या शब्दावर हॉल मिळत असेल, तुझ्या शब्दावर मिळेलच असं नाही. दिवाळीनंतर सुरू करतोयस, म्हणजे पहिली अडचण माघी गणपतीची. तेव्हा हॉलमध्ये सजावटीचं सामान भरलेलं असतं. ते दिवस आधीच विचारून ठेव आणि तेवढ्यापुरती शाळेची गच्ची किंवा सोसायटीचं आवार बघून ठेव. बॅच दोन आठवडे बंद पडली की छोटी मुलं परत येत नाहीत. २०० ची फी चालू ठेव, पण पावती दे, आणि ज्याला माफ केलीय त्यालाही पावती दे, शून्याची का होईना. मुलांना सगळं कळतं. प्रथमोपचाराची पेटी, बर्फाची पिशवी आणि प्रत्येक मुलाच्या घरचे दोन फोन नंबर, एवढं पहिल्या दिवसापासून हॉलमध्ये हवं.

माझ्याकडे फोकस पॅडच्या काही जोड्या आणि दोन किक शिल्ड माळ्यावर पडून आहेत, चांगल्या स्थितीत. मुलांच्या मापाच्या आहेत. रविवारी परळला येऊन घेऊन जा. फक्त रेल्वेचा मेगाब्लॉक बघून नीघ.